घर पाहावे तपासून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण तुम्हा-आम्हाला पाठ आहे. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे आणि परीक्षेत हीच म्हण विचारून मुलांना पिडतोही आहे. पण या म्हणीत काहीतरी राहून गेले आहे, हे ध्यानात यायला मला यंदाचे वर्ष उजाडावे लागले. घर बांधणाऱ्याला काय सोसावे लागते ते ती सांगते; दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेणाऱ्याने काय करावे, याबद्दल मात्र आपले पूर्वज अवाक्षर बोललेले नाहीत!

मग आपण काय करतो? आमच्या सौ. बाजारात अर्धा किलो वांगी घेताना प्रत्येक वांगे देठाशी धरून चारी बाजूंनी फिरवून पाहतात. टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसले की वांगे परत टोपलीत. मुलीला स्थळ पाहायचे तर मुलाच्या मामाच्या आतेभावापर्यंत चौकशी जाते. आणि जन्माची पुंजी ओतून घर घ्यायचे असले की? बाहेरच्या खोलीत बसून चहा घ्यायचा, स्वयंपाकघरात डोकावायचे, देवघराची दिशा विचारायची आणि रस्त्यावर आल्यावर म्हणायचे, “छान आहे, नाही? हवा कशी खेळती आहे!”

आम्हीही अगदी तस्सेच म्हणालो होतो.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझे एटापल्लीचे बिऱ्हाड ठाऊक आहेच. नव्यांसाठी सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून सागाच्या जंगलातून सुमारे ३० किलोमीटर आत आले की आमचे हे तालुक्याचे गाव लागते. नोकरीनिमित्त आलो तेव्हा दोन वर्षे काढू म्हणत होतो. बघता बघता बारा झाली. सूरजागडच्या लोहखाणीचे काम वाढल्यापासून गावात मालमोटारींची आणि नव्या बिऱ्हाडकरूंची वर्दळ वाढली आहे. अशात आमच्या घरमालकांनी मुलाचे लग्न काढले आणि मोठ्या अदबीने सुचवले की, “सर, दिवाळीनंतर तुमचं काय ते बघा.”

त्याच आठवड्यात कळले की गावाबाहेर रस्त्याला लागून एक घर विकाऊ आहे. तीन खोल्या, वर कवेलू, मागे स्लॅबची एक नवी खोली, सागाच्या चौकटी, विहीर आणि अंगणात डेरेदार आंबा. धनी एक दुकानदार गृहस्थ. मुलाकडे राहायला निघाले होते. किंमत ऐकून मी दोनदा विचारले, इतकी ती आवाक्यातली होती. सौ.नी तर पहिल्याच फेरीत तुळशीची जागा ठरवली. आंब्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, इथं झोपाळा.”

रात्री न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन आला. मी मोठ्या तोऱ्यात बातमी दिली. तो म्हणाला, “मामा, इन्स्पेक्शन करून घेतलंत का?”

मला वाटले, हा काही सरकारी दाखला असावा. मग त्याने समजावून सांगितले. अमेरिकेत घर घेताना किंमत ठरली की बहुतेक लोक स्वतःच्या पैशाने एक तपासनीस नेमतात. १९७६ सालापासून तर या मंडळींची एक देशव्यापी संघटनाही आहे. हा माणूस विकणाऱ्याचा नसतो आणि दलालाचाही नसतो. छपरापासून तळघरापर्यंत दोन-तीन तास घर हिंडतो, नळ सोडून बघतो, विजेची पेटी उघडतो, शिडी लावून वर चढतो आणि फोटोंसकट अहवाल देतो. घर घ्या किंवा घेऊ नका, असे तो सांगत नाही. घर पास की नापास, हेही सांगत नाही. काय आहे, काय मोडकळीला आले आहे आणि कशाकडे आणखी एखाद्या जाणकाराने बघायला हवे, एवढेच सांगतो. ते वाचून मग घेणारा किंमत कमी करून मागतो, दुरुस्ती करून मागतो, नाहीतर हात जोडून बाजूला होतो.

“तुझ्या घराच्या अहवालात काय निघालं?” मी विचारले.

“चाळीस पानं निघाली, मामा! पण घर घेतलं. कुठं काय दुखतंय ते ठाऊक असलेलं बरं.”

हे वाक्य मला पटले. एटापल्लीत तसा तपासनीस कुठून आणावा? तेव्हा मी आपली देशी तुकडी उभी केली. एक आमच्या ओळखीचे म्हातारे गवंडी आणि दुसरा माझा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. हा जवळच्याच पाड्यावरचा माडिया मुलगा. लाकडाची आणि बांबूची जाण त्याच्या हातात उपजतच आहे.

गवंडीबुवांनी पहिली अट घातली. “सर, घर पाहाचं तर पाऊस पडून गेल्यावर पाहा जी. उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसते.” त्याप्रमाणे दोन दिवस झड लागून उघडल्यावर आम्ही गेलो. मला वाटले होते, बुवा आत शिरतील. ते अर्धा तास बाहेरच हिंडत होते. पागोळ्यांचे पाणी पायाशी साचते की लांब वाहून जाते, विहीर आणि शौचालयाची टाकी यांत अंतर किती (निदान ५० फूट तरी हवे, असे त्यांचे म्हणणे), छपराचा आढा मध्येच खचला आहे का, हे त्यांनी बाहेरूनच पाहिले.

मग ते भिंतींकडे वळले. गिलाव्यावर केसासारख्या तडा असतात, त्यांचे त्यांना काही वाटले नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि वर रुंद होत गेलेली तड दिसताच ते थांबले. धनी घाईने म्हणाले, “ती मालमोटारींच्या हादऱ्यानं पडली हो!” बुवांनी मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सांगितले, “पाया एका अंगाला बसला असन. यावर कागदाची पट्टी चिकटवा आन् तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांनी पट्टी फाटली तर तड जिती आहे म्हणा.” दारे ते मुद्दाम दोन-दोनदा लावून बघत. दार चौकटीत अडले तर चौकट वाकडी झाली, म्हणजे भिंत हलली. न्हाणीत त्यांनी बादलीभर पाणी ओतले. ते मोरीकडे न जाता उंबऱ्याकडे आले. नव्या खोलीच्या तीन भिंती जुनाट आणि चौथी ताज्या रंगाची. तिथे त्यांनी तळहात टेकवला. भिंत गार लागली. खाली लोण्याची पांढरी बुकटी रंगातून डोके काढत होती. “एकाच भितीला रंग दिला असन तर तिलेच पाहिले विचारावं, काहून दिला?”

माझ्यातल्या मराठीच्या मास्तरला राहवले नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमीन पारखण्याची एक रीत सांगितली आहे, ती मी त्यांना ऐकवली. हातभर खोल खड्डा खणायचा आणि तीच माती पुन्हा त्यात भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. गवंडीबुवा हसले. “बराबर आहे जी. माती कमी पडली म्हणजे जमीन भुसभुशीत. हे पुस्तकात हाये काय?” चौदा-पंधराशे वर्षांच्या पुस्तकाला एका गवंड्याने पसंतीची पावती दिल्याचा मला कोण आनंद झाला!

इकडे माझा विद्यार्थी निमूटपणे चौकटी आणि वासे ठोकून बघत होता. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा पोकळ. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या पांढऱ्या कच्च्या लाकडाला लागते. आणि स्वस्तात चौकट करणारा तेच पांढरे लाकूड रंगाखाली दडवतो. फडताळाच्या मागे वाळवीची मातीची नळी त्यानेच शोधून काढली. गोठ्याच्या बांबूखाली पडलेला पिठासारखा भुगा बोटावर घेऊन म्हणाला, “घुण आहे, सर. बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवला असता तर लागला नसता.”

एकूण हिशेब असा निघाला की घर वाईट नव्हते. एका कोपऱ्याचा पाया, एक ओली भिंत आणि दोन चौकटी. सौ.नी मनातल्या मनात दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केला, आणि तरीही ते स्वस्तच पडत होते.

परत येताना विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग एकाएकी म्हणाला, “सर, तुम्ही लाकूड विचारलं, ते मी सांगितलं. जागा कोणाची आहे, ते नाही विचारलं.”

वाचकहो, मी खजील झालो. भिंतीला हात लावला, वाशाला कान लावला, पण घर ज्या भुईवर उभे आहे ती कोणाची, हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नव्हता. कौटिल्य माझ्याहून शहाणा. त्याच्या अर्थशास्त्रात घर विकण्याची रीत दिली आहे: घरापुढे उभे राहून, शेजारच्या चाळीस कुळांच्या देखत, सीमा सांगून, किंमत तीनदा पुकारून विक्री करावी. हेतू उघड आहे. चाळीस घरांना जे ठाऊक असते ते एकट्या खरेदीदाराला ठाऊक नसते. माझ्या सुदैवाने चाळिसांतला एक माझ्याच वर्गात बसत होता.

दुसऱ्या दिवशी सातबाराचा उतारा काढला. त्यावर दुकानदारांचे नावच नव्हते. नाव होते एका माडिया म्हाताऱ्याचे. दुकानदारांकडे होता तो मुद्रांकावर लिहिलेला एक साधा करार, त्यावर अंगठा.

हे शहरातल्या वाचकांना नीट सांगायला हवे. एटापल्ली तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात येतो. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ अ असे सांगते की, आदिवासीची जमीन ६ जुलै १९७४ नंतर बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही वाटेने पूर्वमंजुरीवाचून देता येत नाही. विक्री असेल तर मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि तिच्याआधी राज्य शासनाची मान्यता. मंजुरी नसलेला व्यवहार टिकत नाही. जमीन मूळ धन्याला परत मिळू शकते. हा नियम केवळ या तालुक्यापुरता नाही, सगळ्या महाराष्ट्रात लागू आहे. ठाण्याकडे किंवा नाशिककडे डोंगरपायथ्याशी ‘स्वस्तात प्लॉट’ घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

किंमत कमी का होती, ते आता कळले. दुकानदारांना विचारले तर ते शांतपणे म्हणाले, “सर, इथं कितीतरी लोक असेच राहतात. कोण विचारतो?”

विद्यार्थी मला त्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेला. तो अंगणात बांबूच्या कामट्या काढीत बसला होता. तो माडियात बोलत होता आणि मुलगा मला मराठीत सांगत होता. बायको आजारी असताना त्याने पैसे घेतले होते. जागा वापरायला दिली, एवढेच त्याला माहीत. अंगठा कशावर लावला ते त्याला कोणी वाचून दाखवले नव्हते. रागाचा एक शब्दही त्याने काढला नाही. निघताना त्याने मुलाला काहीतरी विचारले. मी विचारले, “काय म्हणतात?”

“विचारतात, ते सर तिथं राहायला येणार काय? आले तर आंबा तोडू नका म्हणावं. बापानं लावला आहे.”

घरी येऊन सौ.ना सगळे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. झोपाळ्याच्या कड्या त्यांनी आधीच आणून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा कागदात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. तेवढाच काय तो आवाज झाला.

घेणाऱ्याची गोष्ट इथे संपली. पण मला त्याच महिन्यात विकणाराही व्हायचे होते.

ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेकाठी आमचे वडिलार्जित घर आहे, म्हणजे होते. वडील गेल्यावर ते बंदच असे. दादाच्या मुलीचे शिक्षण चालू, त्याला पैशांची निकड. म्हणून विकायचे ठरले. दादाने रंग देऊन घर नवरीसारखे सजवले. एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी घर पाहायला आल्या, तेव्हा मी आणि सौ.ही तिथे होतो. त्यांनी बाहेरच्या खोलीत चहा घेतला, स्वयंपाकघरात डोकावले, देवघराची दिशा विचारली. बाई म्हणाल्या, “छान आहे, नाही? हवा खेळती आहे.”

माझ्या घशात चहा अडकला.

कारण स्वयंपाकघराच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, एक रेघ होती. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा पाणी तिथवर चढले होते. धान्याची कोठी, आईची शिवणयंत्राची पेटी, सगळे त्यात बुडाले. गिलावा करून आणि रंग देऊन दादाने रेघ बुजवली होती. तरी उजेडात ती पुसट दिसे, म्हणून तिच्यावर कॅलेंडर टांगले होते.

मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात कलम ५५ आहे. नेहमीच्या काळजीने पाहूनही घेणाऱ्याला दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. मग तो वास्तूचा असो की मालकीचा. मला हे वकिलांनी एटापल्लीच्या घरापायी नुकतेच सांगितले होते. पण खरे सांगतो, त्या क्षणी कलम आठवत असूनही माझी जीभ उचलेना. दादा समोर बसला होता. त्याची नजर म्हणत होती, पाहणाऱ्याने पाहावे, आपण कशाला दाखवावे?

इतक्यात आमच्या सौ. उठल्या, आत गेल्या आणि कॅलेंडर काढून हातात घेऊन आल्या. मला म्हणाल्या, “अहो, यांना ती पुराची खूण दाखवता ना?”

मी दाखवली. पाणी कोणत्या दिवशी आले, किती दिवस राहिले, कोणत्या खोलीची भुई खचली, सगळे सांगितले. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, रेघेवर हात ठेवला, आणि “विचार करून कळवतो” म्हणून गेले. दादा मला एवढेच म्हणाला, “तुझं घर हुकलं, म्हणून माझंही हुकवलंस.”

दहा दिवसांनी पोस्टमास्तर परत आले. घर त्यांनी घेतले, कारण त्यांची मुलगी त्याच गावात दिली आहे. पण किंमत चांगलीच उतरवून घेतली. जोते उंच करायला खर्च येणार म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. उतरलेली रक्कम मी माझ्या वाट्यातून वळती केली. दादाने पैसे घेतले. बोलणे मात्र बंद केले. यंदा दसऱ्याला त्याच्याकडून सोने द्यायलाही कोणी आले नाही.

घर तपासणे म्हणजे काय, ते मला या दोन घरांनी शिकवले. घेणाऱ्याने भीड सोडून विचारायचे आणि विकणाऱ्याने न विचारताही सांगायचे. पहिले काम गवंडी, सुतार, वकील यांच्या मदतीने पार पडते. दुसऱ्याला मदतनीस मिळत नाही. मिळाली तर बायकोच मिळते.

एटापल्लीत आम्ही अजून भाड्याच्याच घरात आहोत. गावठाणात एक जागा बघतो आहोत, मालकीचे कागद आधी, भिंती मागाहून. हे लिहीत असताना परवा फोन वाजला. दादा होता. पाच महिन्यांनी. नागपुरात फ्लॅट पाहिला आहे म्हणाला. मी घाईघाईने सुरू केले: नवा असेल तर महारेराची नोंदणी बघ, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बांधणाऱ्याने पदरखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. जुना असेल तर सोसायटीने इमारतीची संरचनात्मक तपासणी शेवटची कधी केली ते विचार, सभेची इतिवृत्ते वाच, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीखालचे छत बघ, निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घे...

“पुरे, पुरे,” दादा म्हणाला. थोडा थांबला. “तूच ये ना बघायला. तुझ्यासारखा किरकिऱ्या माणूस बरोबर असलेला बरा.” आणि फोन ठेवता ठेवता त्याने पुस्ती जोडली, “अन् वहिनीला आणायला विसरू नको. भिंतीवर कॅलेंडरं आहेत.”